वेगाची काटकसर

वेग आणि काटकसर ही दोघे एका घरात नांदत नाहीत, असा आपला सर्वसाधारण समज आहे. ज्याला लवकर पोहोचायचे आहे त्याने खर्चाकडे पाहू नये आणि ज्याला पैसा राखायचा आहे त्याने घाई करू नये, हा व्यवहार आपण टांग्याच्या काळापासून पाहत आलो आहोत. त्यामुळे जगातील अत्यंत वेगवान आणि अत्यंत महाग अशा शर्यतीच्या मोटारी पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड घेऊन धावू लागल्या, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. शहराच्या रहदारीत इंधन वाचावे म्हणून लोकप्रिय झालेली युक्ती ताशी तीनशे किलोमीटरने पळणाऱ्या यंत्राच्या पोटात काय करते, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही यंत्रशास्त्राचा पाठ देणार नाही. या युक्तीचा इतिहास सांगावा, एवढाच आमचा हेतू आहे. कारण त्या इतिहासाच्या उजेडात एक रूढ समजूत तपासून घेता येते. शर्यतीचे मैदान ही मोटारींची प्रयोगशाळा आहे, तेथे आज जे सिद्ध होते ते उद्या तुमच्याआमच्या दारात येते, असे मोटारींचे कारखानदार नेहमी सांगत असतात. संकरित मोटारीच्या बाबतीत हे विधान कितपत टिकते, ते पाहू.

‘हायब्रिड’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला तो मोटारीमुळे नव्हे, तर ज्वारीमुळे. १९६४ साली सी. एस. एच. १ हे ज्वारीचे संकरित वाण आले, आणि पुढे ‘हायब्रिड’ म्हणजे काय हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मोटारीतही अर्थ तोच आहे. दोन निराळ्या कुळांचे गुण एकत्र आणावयाचे आणि एकाच्या उणिवेवर दुसऱ्याने पांघरूण घालावयाचे. पेट्रोलचा मोठा गुण असा की, थोड्या वजनात ते पुष्कळ ऊर्जा साठवते. आजच्या चांगल्या बॅटरीशी वजनास वजन तोलून पाहिले, तरी पेट्रोल चाळीस पटींहून अधिक भरते. परंतु पेट्रोलचे इंजिन जागेवरून उठताना दुबळे असते, त्याला गिअरची मदत लागते, आणि एकदा खर्च केलेले ते कधीही परत घेऊ शकत नाही. विजेच्या मोटरचे नेमके उलट आहे. ती पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते, आणि तीच मोटर गाडीच्या चाकांनी फिरवली की वीज निर्माण करू लागते. म्हणजे ती खर्च करते तशी वसुलीही करते.

ही वसुली किती मोठी असू शकते, याचा एक साधा हिशेब मांडू. नऊशे किलो वजनाची शर्यतीची गाडी ताशी ३०० किलोमीटरने येत आहे आणि पुढे अवघड वळण आहे. चालकाने ब्रेक दाबून वेग ताशी १०० वर आणला. एवढ्या थोड्या अवधीत गाडीच्या गतीतून जी ऊर्जा गेली, ती सुमारे २८ लाख ज्यूल भरते. तेवढ्या ऊर्जेत साडेआठ लिटर पाणी उकळीस येईल, किंवा एक टन ओझे २८० मीटर उंच चढवता येईल. यातील काही वाटा वारा खातो आणि बाकीची सारी ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते. वळण संपले की चालक पुन्हा पेट्रोल जाळून तीच ऊर्जा विकत घेतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा फेकून देतो. आगगाडीच्या तंत्रज्ञांना ही उधळपट्टी फार पूर्वी उमगली होती. मुंबईत २००७ सालापासून आलेल्या नव्या लोकल गाड्या स्टेशनात थांबताना आपल्या वेगाची वीज करून ती वरच्या तारेत परत पाठवतात. मोटारीच्या डोक्यावर तार नाही, म्हणून तिला ही वीज स्वतःजवळच साठवावी लागते. साऱ्या अडचणी तेथे आहेत, आणि आपला इतिहासही तेथूनच सुरू होतो.

एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा वेगाच्या क्षेत्रात वीज पुढे होती, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय झेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ आशेर येथे ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. मोटारीने ताशी शंभराची वेस प्रथम ओलांडली ती याच दिवशी, आणि ती गाडी केवळ विजेवर चालणारी होती. तिचे नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीही समाधान न पावणारी’ असे होते. परंतु अशा गाडीची बॅटरी अवजड असे आणि थोड्याच अंतरात रिकामी होई.

त्याच सुमारास व्हिएन्नात याकोब लोनर यांच्या बग्ग्यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे हा पंचविशीतला तरुण काम करीत होता. त्याने पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी बसवल्या. ना साखळी, ना गिअर. ही लोनर-पोर्शे गाडी १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि गाजली. मात्र तिच्या शिशाच्या बॅटरीचे वजन चारशे किलोंच्या वर होते, आणि एवढे ओझे वाहून ती सुमारे पन्नास किलोमीटर जाई. या अडचणीवर पोर्शेने काढलेला तोडगा असा: बॅटरी लहान करावी आणि गाडीतच पेट्रोलची दोन छोटी इंजिने ठेवून, त्यांवर जनित्रे फिरवून वाटेतच वीज तयार करावी. या गाडीला त्याने ‘सेम्पर विवस’, म्हणजे ‘सदैव जिवंत’ असे लॅटिन नाव दिले. पेट्रोल आणि वीज यांचा संसार एका गाडीत मांडणाऱ्या पहिल्या काही यंत्रांपैकी हे एक होय. पुढे दोन लहान इंजिनांच्या जागी एक मोठे इंजिन आले, गाडीचे नाव ‘मिक्स्ट’ म्हणजे ‘मिश्र’ झाले, आणि १९०२ साली व्हिएन्नाजवळच्या एक्सेलबर्ग चढाच्या शर्यतीत पोर्शेने ती स्वतः चालवून आपल्या गटात विजय मिळवला.

म्हणजे संकरित गाडी जन्मल्यानंतर दोनच वर्षांत शर्यत जिंकून बसली होती. मग पुढची शंभर वर्षे तिचे नाव का ऐकू आले नाही? त्याची कारणे यंत्रात नाहीत, ती बाजारात आहेत. १९०१ साली टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झरा लागला आणि पेट्रोल स्वस्त होत गेले. फोर्डने साधी, स्वस्त आणि कोणालाही दुरुस्त करता येईल अशी गाडी लाखांनी काढली. इंजिनाला हँडल मारण्याचा त्रास आणि त्यात मनगट मोडण्याचा धोका हे विजेच्या गाडीचे मोठे भांडवल होते. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि तेही भांडवल गेले. गंमत अशी की, वीज पेट्रोलच्या गाडीत शिरली ती तिची बरोबरीची सोबतीण म्हणून नव्हे, तर तिला सकाळी जागे करणारी मोलकरीण म्हणून. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१७ साली दुहेरी शक्तीची गाडी विकावयास काढली; ती महाग होती, ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास थकत होती, आणि वर्ष-दोन वर्षांत बाजारातून नाहीशी झाली.

या मधल्या काळातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंजिनाने जनित्र फिरवावे आणि विजेने चाके, ही पोर्शेची आवडती कल्पना दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्यासाठी रणगाड्यात अवतरली. १९४२ साली त्याचा हा आराखडा चाचणीत मागे पडला. परंतु आधीच बांधून ठेवलेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर तोफा चढवण्यात आल्या, त्या यंत्राला ‘फर्डिनांड’ हे त्याचेच नाव मिळाले आणि १९४३ साली ती कुर्स्कच्या रणांगणावर गेली. पंचावन्नहून अधिक टनांचे हे धूड वेगासाठी नव्हते आणि काटकसरीसाठी तर नव्हतेच. युक्ती स्वतः चांगली किंवा वाईट नसते. तिला कोणत्या कामाला जुंपले जाते, यावर तिचा इतिहास ठरतो, एवढेच येथे नमूद करतो.

संकरित गाडी परतली ती शर्यतीच्या मैदानावरून नव्हे, हे आता नीट लक्षात घ्यावे. जपानात टोयोटा कंपनीने १९९३ साली एकविसाव्या शतकाच्या गाडीचा विचार सुरू केला. ताकेशी उचियामादा हे त्या कामाचे मुख्य अभियंता होते. १९९७ च्या डिसेंबरात, हवामानासंबंधीची जागतिक परिषद क्योटो येथे भरली असतानाच, ‘प्रियस’ ही गाडी जपानात विक्रीस आली. वेगवान तर सोडाच, दिसायलाही ती फारशी रुबाबदार नव्हती. इंजिन, मोटर आणि जनित्र यांची कामे वाटून देणारी दातेरी चक्रांची एक रचना तिच्यात होती, आणि ब्रेक लावला की वेगाची वीज करून ती बॅटरीत ठेवण्याची सोय होती. रहदारीत दर दोनशे पावलांवर थांबणाऱ्या गृहस्थासाठी ही गाडी होती.

शर्यतीच्या जगाने या सुमारास काय केले, ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये ल मां येथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटारींची शर्यत होत आली आहे. १९९८ साली अमेरिकेच्या पॅनोझ संघाने तेथे एक संकरित गाडी नेली. बॅटरीच्या ओझ्यामुळे ती पात्रता फेरीच पार करू शकली नाही. हायब्रिड गाडीने चोवीस तासांची शर्यत जिंकण्यास २००७ चा जुलै उजाडावा लागला. होक्काइडो बेटावरील तोकाची येथे टोयोटाच्या ‘सुप्रा एच. व्ही. - आर.’ गाडीने तो मान मिळवला. म्हणजे प्रियस घरोघर पोहोचल्यावर दहा वर्षांनी! येथे प्रयोगशाळा कोणती आणि घर कोणते, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

फॉर्म्युला वन या सर्वांत प्रतिष्ठित शर्यतमालेत वेगाची वसुली करणारी यंत्रणा २००९ साली आली, आणि तिचे स्वागत थंडपणे झाले. तिला ६० किलोवॉट म्हणजे सुमारे ८० अश्वशक्तीची मर्यादा होती, आणि प्रत्येक फेरीत केवळ चार लाख ज्यूल वापरण्याची मुभा होती. आपण वर मांडलेल्या हिशेबात एकाच वळणावर वाया गेलेली ऊर्जा याच्या सातपट होती. एवढ्या तुटपुंज्या लाभासाठी तीस-एक किलोंचे जास्तीचे ओझे गाडीत बसवावे लागे. आदल्या वर्षी स्पेनमध्ये चाचणी चालू असता एका संघाच्या कारागिराला गाडीला हात लावताच विजेचा जोरदार झटका बसला होता. त्यामुळे काही संघांनीच यंत्रणा वापरली. हंगेरीच्या शर्यतीत लुईस हॅमिल्टनने मॅक्लारेन गाडीतून तिच्यासह पहिला विजय मिळवला. परंतु त्या वर्षीचे विजेतेपद ब्रॉन संघाने ही यंत्रणा न वापरता पटकावले. पुढच्या वर्षी सर्व संघांनी आपसांत ठरवून ती बाजूला ठेवली आणि २०११ साली ती परत आली. येथपर्यंत हायब्रिड म्हणजे शर्यतीला नियमाने लावलेले लोढणे होते, असे म्हटले तरी चालेल.

हे लोढणे पंख कसे झाले? आमच्या मते त्याचे श्रेय जितके यंत्रज्ञांना आहे, तितकेच नियम करणाऱ्यांना आहे. शर्यतीतील जुने नियम इंजिनाचे आकारमान मोजीत. इंधन किती जाळले, हे सहसा कोणी विचारीत नसे. २०१४ साली हा हिशेब उलटला. फॉर्म्युला वनमध्ये इंजिन १.६ लिटरचे झाले आणि संपूर्ण शर्यतीसाठी १०० किलो इंधन मिळेल, असे ठरले. आदल्या वर्षापर्यंत दीडशे किलोंच्या आसपास इंधन लागत असे. ल मां येथे तर नियमच असा केला की, जी गाडी दर फेरीत जास्त ऊर्जा वसूल करील तिला पेट्रोल कमी मिळेल. दोन, चार, सहा किंवा आठ मेगाज्यूल यांतून ज्याने त्याने आपली पायरी निवडावी. पेट्रोल ओतून जिंकण्याचा मार्ग बंद झाला, आणि मग प्रत्येक ब्रेककडे व प्रत्येक धुराड्याकडे अभियंत्यांची नजर वळली.

त्याचा परिणाम थक्क करणारा आहे. पोर्शेच्या ‘९१९ हायब्रिड’ या गाडीत अवघे चार नळ्यांचे, दोन लिटरचे इंजिन होते. साध्या कुटुंबाच्या मोटारीत शोभेल एवढे. परंतु पुढच्या ब्रेकमधून आणि इंजिनाच्या धुराच्या झोतातून, अशा दोन वाटांनी ती ऊर्जा परत मिळवीत असे. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे ल मां तिनेच जिंकले. फॉर्म्युला वनमध्ये २०१७ साली मर्सिडीजच्या इंजिनाने चाचणीच्या बाकावर इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जेचे काम करून दाखवले. साध्या पेट्रोल इंजिनात हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. नव्या गाड्यांचा आवाज मवाळ झाला अशी प्रेक्षकांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. धुरातून निसटणारी ऊर्जा पकडली, तर गर्जनेला काय उरणार!

मैदानाने रस्त्याला काहीच दिले नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. विल्यम्स या शर्यतसंघाच्या तंत्रज्ञांनी बॅटरीऐवजी वेगाने फिरणाऱ्या जड चाकात ऊर्जा साठवण्याची यंत्रणा तयार केली. कुंभाराचे चाक दांड्याने एकदा फिरवून सोडले की बराच वेळ फिरत राहते, तेच हे तत्त्व. फक्त हे चाक मिनिटाला हजारो फेरे घेते. हेच चाक २०१२ साली आउडीच्या ‘आर १८ ई-ट्रॉन क्वात्रो’ गाडीत चालकाच्या शेजारी बसले, आणि त्या गाडीने ल मां जिंकले. तेथे हायब्रिडचा तो पहिला विजय. पुढे २०१४ साली विल्यम्सचा हा विभाग जी. के. एन. कंपनीने घेतला, आणि ब्रिटनमधील गो-अहेड या बस कंपनीने आपल्या पाचशे बसगाड्यांसाठी अशी चाके मागवली. दर थांब्यावर थबकणारी बस आणि दर वळणावर थबकणारी शर्यतीची गाडी यांचे दुखणे एकच असते, हे यावरून दिसून येईल.

आता श्रीमंतांच्या घरच्या गाड्या. २०१३ साली तीन नामांकित कारखान्यांनी एकाच सुमारास तीन हायब्रिड गाड्या काढल्या. पोर्शेची ‘९१८ स्पायडर’ ८८७ अश्वशक्तीची, मॅक्लारेनची ‘पी १’ ९१६ अश्वशक्तीची आणि फेरारीची ‘लाफेरारी’ ९६३ अश्वशक्तीची. तिन्ही मिळून अठराशेहून कमी बनल्या. पोर्शेच्या गाडीने जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगची वीस किलोमीटरहून लांब फेरी ६ मिनिटे ५७ सेकंदांत पुरी केली, आणि तीच गाडी इंजिन बंद ठेवून, केवळ विजेवर, निःशब्दपणे गावातून काही किलोमीटर जाऊ शके. कौतुकाची गोष्ट खरी. परंतु अशा गाड्यांनी जगाचे पेट्रोल वाचले असे म्हणणे म्हणजे राजवाड्यात एक दिवा विझवून दुष्काळ हटवल्याचे सांगण्यासारखे होईल. येथे विजेने मुख्यतः जोर वाढवला. काटकसर हे तिचे जोडकाम होते.

शिवाय मैदानावरचा प्रत्येक धडा रस्त्यावर उतरतोच, असेही नाही. फॉर्म्युला वनचे यंत्र रस्त्याच्या गाडीत बसवण्याची घोषणा मर्सिडीजने २०१७ साली केली. शर्यतीचे इंजिन सिग्नलपाशी शांतपणे उभे राहण्यासाठी केलेलेच नसते. त्याला माणसाळवता माणसाळवता पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडण्यास २०२३ साल उजाडले, आणि अशा गाड्या केवळ २७५ ठरल्या होत्या. धुराच्या झोतातून वीज काढणारे ते अद्भुत यंत्रही अतिशय खर्चिक व गुंतागुंतीचे ठरले. २०२६ च्या हंगामासाठी केलेल्या नियमांत फॉर्म्युला वनने ते वगळले, आणि त्याऐवजी ब्रेकमधून वसुली करणाऱ्या मोटरची शक्ती १२० किलोवॉटवरून ३५० वर नेली. व्हिएन्नाच्या तरुणाने ज्या साध्या मोटरीवर भिस्त ठेवली होती, तिच्याकडेच शर्यत फिरून आली, असे म्हणावयास हरकत नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष काढताना पोर्शेच्या ‘९१९’ गाडीचा शेवटचा पराक्रम विचारात घेतला पाहिजे. २०१८ साली तिच्यावरचे शर्यतीचे सारे निर्बंध काढून तिला न्यूर्बुर्गरिंगवर सोडले, तेव्हा तिने ५ मिनिटे १९.५ सेकंदांत फेरी पुरी केली. १९८३ साली श्टेफान बेलोफ याने केलेला ६ मिनिटे ११ सेकंदांचा विक्रम तेथे पस्तीस वर्षे अबाधित होता. मग निर्बंध वेगाच्या आड येत होते, असे कोणी म्हणेल. ते वरवरचे आहे. ती गाडी मुळात घडली ती इंधनाच्या निर्बंधामुळे. मोकळे रान मिळाल्यावर तिने जो वेग दाखवला, तो टंचाईत शिकलेल्या काटकसरीचा वेग होता.

तेव्हा, मैदानाने रस्त्याला शिकवले या समजुतीचे काय करावयाचे? आमचे मत असे की, संकरित मोटारीपुरती ती उलट वाचावी. अडचण प्रथम रस्त्याची होती, उत्तरही प्रथम रस्त्याने शोधले, आणि शर्यतीने ते स्वीकारले तेही नियमाने तिचा हात धरला तेव्हाच. त्यानंतर तिने त्या उत्तराला जी धार लावली, तिचा काही अंश बसच्या प्रवाशांपर्यंत पोहोचला, पुष्कळसा मैदानावरच राहिला. उद्या एखादा विक्रेता आपणांपुढे गाडी उभी करून हिच्यात शर्यतीचे तंत्र आहे असे सांगू लागला, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ब्रेक लावल्यावर ही गाडी किती परत मिळवते? आणि मिळवलेले ती वाचवते, की अधिक जोराने उधळते? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे.